आण्णाप्पाचे दोन माग

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेन्सिलीचं टोक उजव्या बाजूला वर टेकवलं. "इथे कॅव्हिटी आहे," ते म्हणाले. कॅव्हिटी म्हणजे पोकळी. आजार फुफ्फुस खातो आणि खाल्लेल्या जागी भोक राहतं. मला त्या काळ्या फिल्मवर भोक काही दिसलं नाही. बरगड्या तेवढ्या दिसल्या, आणि त्या माझ्याच आहेत हे पटायला वेळ लागला.

टेबलावर थुंकीच्या तपासणीचा कागद होता. "स्प्युटम पॉझिटिव्ह." म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. बाहेर बाकावर माझी बायको शेवंता आमच्या तीन वर्षांच्या सुमनला मांडीवर घेऊन बसली होती. आदल्याच संध्याकाळी सुमन माझ्या ताटात जेवली होती. मला पहिल्यांदा तेच आठवलं.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"माग चालवतो जी. कबनूरला."

"धोट्यात सूत कसं ओवता, मला करून दाखवा."

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, बोटभर रुंद, दोन्हीकडे टोकदार. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. कांडी संपली की पुन्हा तेच. दिवसभर तेच. मी दोन बोटं ओठांशी नेली आणि भोकाला तोंड लावून सूत ओढतो तसा श्वास आत ओढला. एवढ्यानं खोकल्याची उबळ आली आणि मी त्यांचं टेबल धरून वाकलो.

उबळ थांबेपर्यंत डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "एका धोट्याला किती जणांची तोंडं लागतात?"

"ज्याचा माग त्याचं तोंड," मी म्हणालो. हे अर्धं खरं होतं. गेले चार महिने मी माझ्या दोन मागांबरोबर आण्णाप्पाचेही दोन माग चालवत होतो, आणि आण्णाप्पाच्या थुंकीत रक्त पडतं हे कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही.

हे लिहायला बसलो आहे ते यासाठी की माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आजारी आहेत ते, आणि आजाऱ्याच्या शेजारी उभे राहून त्याला सांभाळणारे. या सांभाळणाऱ्यांना कुणी काही सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. शेवंतानं सांगितलं होतं, पण बायकोचं ऐकलं तर आपण विणकर कसले, अशी तेव्हा माझी अक्कल होती.

मी मूळचा कोडोलीचा. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या वर्षी घरची शेती थोरल्या भावाकडे ठेवून कबनूरला मागावर आलो. आण्णाप्पा माझ्या आधी तिथे होता. त्यानंच मला मागाची गाठ मारायला शिकवली, तुटलेली तार शोधायला शिकवली, आणि तोंडानं सूत ओढायलाही त्यानंच शिकवलं. "तारेच्या आकड्यानं वडत बसलास तर माग हुबा ऱ्हातो," तो म्हणायचा. "तोंड लावायचं, वडायचं, सोडायचं. पोरगी सुदीक करंल." मला दोन दिवसांत जमलं आणि मी खूश झालो.

आमच्या कारखान्यात शेजारशेजारच्या दोघांची जोडी असते. एक चहाला गेला, विडी ओढायला गेला, तर दुसऱ्यानं त्याच्या मागांवर नजर ठेवायची. तसा करार नाही, पण न पाळणाऱ्याशी कुणी बोलत नाही. माझी जोडी आण्णाप्पाशी. चार मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर एकमेकांचे ओठ वाचतात. पाच-सहा वर्षांत मला आण्णाप्पाचे ओठ इतके पाठ झाले होते की त्यानं तोंड उघडायच्या आधी काय म्हणणार ते मला कळायचं.

त्याचा खोकला पहिल्यांदा पावसाळ्यात सुरू झाला. कारखान्यात सुताचा धुरळा असतोच, कोण खोकत नाही. दिवाळीच्या सुमाराला एकदा तो मागे मोरीशी उभा होता आणि मी पाणी प्यायला गेलो. मोरीच्या दगडावर रक्त होतं. त्यानं तांब्यातलं पाणी ओतून ते वाहवलं आणि माझा हात धरला.

"शेटला कळलं तर माग जातील," तो म्हणाला. "दोन म्हैने. थंडी सरली की खोकला जातोय. तवर सांबाळ. तुला सुमनची शपथ हाय, कुणाला बोलायचं न्हाय."

पोरीची शपथ घातल्यावर मी काय बोलणार. पण खरं सांगायचं तर शपथ घातली नसती तरी मी गप्पच राहिलो असतो. कारखान्यात माझं नाव होतं. यशवंता म्हणजे मदतीला धावणारा माणूस, असं लोक म्हणत आणि मला ते गोड लागत असे. कुणाचं बीम, म्हणजे उभ्या सुताचा जड रूळ, मागावर चढवायचं असो, कुणाच्या घरी मयत असो, मी पुढे. आण्णाप्पाचे माग सांभाळताना मला दया कमी आणि ऐट जास्त होती, हे आता कबूल करायला काही हरकत नाही.

आमची व्यवस्था अशी होती. सकाळी आण्णाप्पा दोन-तीन तास उभा राही. मग दम लागला की मागांच्या मागे सुताच्या पोत्यांवर टेकायचा. मी चारही माग बघायचो, त्याचे धोटे भरायचो, त्याच्या धोट्यांना तोंड लावायचो. त्याच्या ओठांना लागून ओला झालेला धोटा मी तसाच उचलून माझ्या तोंडाला लावलेला आहे. जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारा माणूस, फेरीला येताना दिसला की मी डोक्यावरची टोपी काढून झटकायचो. टोपीवर धुरळा बसतोच, कुणाला संशय येत नसे. टोपी झटकली की आण्णाप्पा उठून मागावर हात ठेवून उभा राही. जॉबर पुढे गेला की पुन्हा पोत्यावर.

जानेवारीत माझं धोतर कमरेला सैल पडू लागलं. संध्याकाळी अंग गरम लागायचं. चार मागांवर नाचून शिणलो असेन, असं मी धरून चाललो. शेवंता म्हणाली, "तुमी त्येंचं माग बगताय. तुमास्नी बगनारं कोन हाय?" मी तिच्यावर ओरडलो. आण्णाप्पाचं तिला मी सांगितलं नव्हतं, पण तिला दिसत होतं. ती म्हणाली, "वरडा. वरडायला तरी दम ऱ्हायलाय का बगा." दम खरंच राहिला नव्हता, मला मध्येच बसावं लागलं.

मार्चमध्ये मी मागावरच चक्कर येऊन पडलो आणि जॉबरनं मला शेवंता आणि सुमनसकट मोटारीत बसवून कोल्हापूरच्या इस्पितळात पाठवलं. तिथून पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

क्षयाचा वॉर्ड इस्पितळाच्या मागच्या अंगाला होता. दोन्हीकडे खाटा, मोठ्या खिडक्या, त्या बारा महिने उघड्या. डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. पी.ए.एस.ची पावडर, जी इतकी कडवट की घोटाबरोबर पोट उलटून यायचं. आणि तिसरी, ॲब्सोल्यूट बेड रेस्ट. म्हणजे खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. उठून बसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचंही बेतानं. "फुफ्फुसाला प्लास्टर घालता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून माणसालाच प्लास्टर घालायचं. भोक बुजेल की वाढेल, ते तुम्ही किती पडून राहता त्यावर आहे."

सुमनची आणि शेवंताची छाती तपासली. स्वच्छ निघाली. शेवंता पोरीला घेऊन कोडोलीला भावाकडे राहायला गेली. सुमनला जवळ घ्यायचं नाही असं सांगितल्यामुळे ती खिडकीबाहेरून हात हलवत राहिली आणि मी बसायचं नाही म्हणून झोपूनच हात हलवला.

तीन दिवस मी आण्णाप्पाचं नाव घेतलं नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "कारखान्यात अजून कोणी खोकतं का?" माझ्या डोळ्यांपुढे सुमनची शपथ होती. खाटेवर पडून मी रडलो आणि सगळं सांगितलं. रक्त, पोती, टोपी, सगळं.

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्यांचं रक्त पडून किती दिवस झाले?"

"चार-साडेचार म्हैने."

"यशवंतराव, धोट्यामुळेच तुम्हाला लागण झाली असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. शेजारी उभं राहणंही पुरतं. पण तुम्ही त्यांना चार महिने मदत केली असं तुम्हाला वाटतंय ना? चार महिने तुम्ही त्यांचं औषध अडवलंत." ते पुढच्या खाटेकडे गेले. हे वाक्य मला आजही चहा पिताना, चालताना, कुठेही आठवतं.

डॉक्टरांनी निरोप धाडला आणि दोन दिवसांनी चंपाक्का, आण्णाप्पाची बायको, त्याला घेऊन आली. दरवाज्यापासून खाटेपर्यंत त्याला दोघांनी धरून आणलं. मी नसल्यापासून तो कामावर गेलाच नव्हता. त्याची खाट माझ्यासमोर, वॉर्डच्या दुसऱ्या ओळीत आली. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं गेलेली निघाली. आजार लॅरिंक्सपर्यंत, म्हणजे स्वरयंत्रापर्यंत चढला होता. त्याचा आवाज बसला होता, आठवड्यात तो पार गेला. घशातून नुसती हवा यायची. डॉक्टरांनी अंडी सांगितली, तो जैन, अंड्याला हात लावेना. दूध गिळताना त्याला घशात इतकं दुखायचं की तो वाटी बघूनच मान फिरवायचा.

आवाज गेल्यावर त्याचं म्हणणं वॉर्डात कुणाला कळेना. सिस्टर पाटी-पेन्सिल घेऊन आली. त्याला लिहिता येत नव्हतं. तो ओठ हलवत राहिला आणि त्या मोठ्या वॉर्डात ते ओठ फक्त मला वाचता येत होते.

मग काय, मी उठलो. पहिल्या दिवशी एकदा. "पाणी मागतोय, कोमट," एवढं सांगून परत खाटेवर. दुसऱ्या दिवशी चार वेळा. नंतर मोजणं सोडलं. त्याची उशी सरकव, त्याच्या पाठीला हात लाव, चंपाक्काला निरोप सांग. डॉक्टर फेरीला आले की मी चादर गळ्यापर्यंत ओढून साळसूदासारखा पडायचो. सिस्टर कावायची, "तुम्ही उठू नका म्हटलं ना?" मी म्हणायचो, "न्हाय उठलो सिस्टर, पाय हालवला फकस्त." कारखान्यातली लबाडी मी इस्पितळात आणली होती, आणि गंमत म्हणजे पुन्हा तीच ऐट मला चढली होती. आजूबाजूचे रोगी म्हणायला लागले, काय मैत्री आहे बघा.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी आण्णाप्पाच्या खाटेशी वाकलो असताना माझ्या तोंडात खारट चव आली. हिमॉप्टिसिस, खोकल्यातून रक्त येणं. पेलाभर आलं. माझ्या पायांवर, त्याच्या चादरीवर, फरशीवर. मला उचलून खाटेवर टाकलं, छातीवर बर्फाची पिशवी ठेवली. आण्णाप्पा समोरून बघत होता. त्याच्या डोळ्यांकडे मी बघू शकलो नाही.

दुपारी डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. एरवी ते कधी बसत नसत. "तुम्ही इथंही त्यांचे माग चालवताय," ते म्हणाले. "त्यांचं जे व्हायचं ते मी तुमच्यापासून लपवत नाही. ते फार दिवस काढणार नाहीत. तुम्ही काढू शकता. पुन्हा असं रक्त आलं तर दोन खाटा रिकाम्या होतील, आणि तुमच्या घरी कोडोलीला जी मुलगी आहे तिच्यासमोर मी उभा राहणार नाही."

ते गेल्यावर मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो. समोर बघितलं असतं तर ओठ दिसले असते, आणि ओठ दिसले असते तर उठलो असतो. ज्यानं मला गाठ मारायला शिकवलं त्याच्याकडे पाठ करून मी पडलो होतो. मला स्वतःची किळस आली. त्याच्यावरही राग आला, की यानं मला यात ओढलं, पोरीची शपथ घालून ओढलं. दोन्ही खरं होतं. आजाऱ्याला सांभाळणाऱ्याला राग येतो, हे कुणी बोलत नाही म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनंच तोड काढली. तिनं माझ्या उशाला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला आणि चमचा ठेवला. "तुम्ही फक्त बघा आणि वाजवा," ती म्हणाली. "मी येईन. काय ते मला सांगा. उठायचं काम माझं." ऐकायला इतकं साधं, पण मला आयुष्यात ते सुचलं नव्हतं. मी कुशीवर वळलो आणि समोर बघितलं. आण्णाप्पाचे ओठ हलले. मी पेला वाजवला. सिस्टर आली. "डावीकडे वळवा म्हणतोय," मी सांगितलं. तिनं वळवलं. मी पडून होतो.

असे जवळपास वीस दिवस गेले. मधूनमधून कामाशिवायही आम्ही बोलायचो, दोघंही आवाज न करता, मागावर बोलायचो तसं. एकदा त्यानं विचारलं, "माग कोण बगतंय?" खोटं सांगावंसं वाटलं. पण आमच्यातलं खोटं पुरे झालं होतं. "दुसरा लागला," मी म्हणालो. "तू आलास त्याच्या दुसऱ्या दिशी." त्याच्या छातीचा भाता हलला. रडतोय असं मला वाटलं, पण तो हसत होता. जे दोन माग आम्ही दोघांनी फुफ्फुसं देऊन सांभाळले ते चालवायला शेटला माणूस एका दिवसात मिळाला होता.

शेवटच्या दिवशी सकाळी अंगं पुसून झाली, चहा वाटून झाला. आण्णाप्पाचा श्वास वर लागला होता. मी पेला वाजवला. सिस्टर दुसऱ्या टोकाला एकाला इंजेक्शन देत होती. मी पुन्हा वाजवला. त्याचा हात खाटेवरून खाली लोंबला होता आणि डोळे माझ्याकडे होते. मला राहवलं नाही. मी कोपरावर उठलो आणि एक पाय खाली टाकला.

त्याचे ओठ हलले. सावकाश, नव्या विणकराला शिकवताना हलवायचा तसे. "उठू नगंस."

मी तसाच थांबलो. त्यानं पुन्हा म्हटलं, "येशा, उठू नगंस. पडून ऱ्हा."

मी पाय वर घेतला आणि पडून राहिलो. सिस्टर धावत आली तेव्हा तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. चंपाक्का आली, तिनं हंबरडा फोडला, आणि तेव्हाही मी पडूनच होतो, कारण मला तसं सांगितलेलं होतं. त्याला खांद्यावर घेऊन निघाले तेव्हा मी झोपल्या झोपल्या हात जोडले.

मी अकरा महिने इस्पितळात काढले. नवीन निघालेल्या आय.एन.एच.च्या गोळ्या मिळू लागल्या, त्यांनी भूक आणली. पोकळी बुजली. स्ट्रेप्टोमायसिननं कानात शिट्ट्या वाजतात असं बाकीचे सांगत, मला मागांमुळे त्या आधीपासूनच वाजत होत्या. सुटताना डॉक्टरांनी मागावर जायला बंदी घातली. शेटनं मला कापडाच्या घड्या घालायच्या खोलीत घेतलं, तिथे धुरळा कमी. त्या डॉक्टरांचे, त्या सिस्टरचे उपकार माझ्यावर आहेत. चंपाक्काचेही आहेत, कारण ती आजही मला आपल्या घरात घेते.

पहिल्याच आठवड्यात मी छत्रीच्या काडीची तार घासून तीस-चाळीस आकडे केले आणि प्रत्येक विणकराच्या हातात एक दिला. तोंडानं ओढायचं नाही. निम्म्यांनी ते कानातला मळ काढायला वापरले. निम्मे अजून त्यांनीच सूत ओढतात.

मागच्या हिवाळ्यात बापू, म्हणजे आण्णाप्पाच्या मागांवर जो लागला होता तो, घड्यांच्या खोलीत आला. दारात उभा राहून खोकला. "यशवंतदादा, शेजाऱ्याला सांगा की, चार दिस माझं माग बगाय. तुमी सांगितल्यावर ऐकतोय त्यो. शेटला बोलू नका."

"रक्त पडतंय?"

त्यानं हातातलं फडकं मुठीत दाबलं.

"मी मोटारीच्या अड्ड्यापर्यंत तुझ्यासंगं येतो," मी म्हणालो. "उद्या सकाळी. तू कोल्हापूरला दाखवून येस्तवर सहा जण पाळीनं तुझे माग बघतील. एकट्यावर टाकणार न्हाय. आकड्यानं ओवतील, तोंड लावणार न्हाईत. शेटला मी सांगतो. लपवायचं काम मात्र माझ्याकडनं व्हायचं न्हाय."

त्यानं मला आईवरून शिवी दिली आणि गेला. थोड्या वेळानं कापडाचा गठ्ठा आणायला मी मागांच्या खोलीत गेलो. बापू मागे पोत्यांवर बसला होता, पोटाशी पाय घेऊन. आण्णाप्पा बसायचा त्याच जागी. तेवढ्यात पलीकडच्या दारातून जॉबर फेरीला आत आला. बापूला तो दिसत नव्हता, मला दिसत होता. बापूनं माझ्याकडे बघितलं. टोपी झटकायची आमची ती जुनी खूण आता सगळ्या विणकरांना ठाऊक होती.

माझा हात डोक्यापर्यंत गेला. मी टोपी नीट बसवली आणि हात खाली घेतला.